गिऱ्हाईक गेटवर येण्याआधी

पोरी, फौंड्रीची वेबसाइट नव्यानं करायचं तू मनावर घेतलंस ते उत्तम झालं. पण डिझायनरला फोन करण्याआधी वही-पेन घे आणि पॅटर्न शॉपपासून डिस्पॅचपर्यंत एक सावकाश चक्कर मार. मोल्डिंग बॉक्सचं माप काय, भट्टी एका हीटला किती धातू देते, आपण ओततो त्यातलं सगळ्यात हलकं कास्टिंग किती किलोचं आणि सगळ्यात जड किती, कोअर कुठल्या पद्धतीचे, व्हीएमसीच्या टेबलावर केवढा जॉब बसतो, लॅबमध्ये कुठल्या चाचण्या आपल्याकडेच होतात आणि कुठल्या बाहेरून करून आणाव्या लागतात, हे सगळं त्या वहीत उतरव. वेबसाइटचा कच्चा माल हा आहे. रंग आणि अक्षरांची वळणं मागाहून बघता येतात.

आपल्या एमआयडीसीतल्या कितीतरी वेबसाइटांच्या पहिल्या पानावर 'गुणवत्ता हेच आमचं ध्येय' असं लिहिलेलं असतं आणि खाली पांढरी हेल्मेटं घातलेली परदेशी माणसं हसत उभी असतात. खरेदी करणाऱ्याला त्यातून एकही गोष्ट कळत नाही. त्याच्यापुढं एक ड्रॉइंग असतं आणि डोक्यात एकच प्रश्न असतो: हे काम ह्यांना जमेल का?

हा प्रश्न आता तो आपल्याला विचारत नाही, आपला आपणच सोडवतो. सगळा बदल इथं झालाय. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनत होती तेव्हापासून कोल्हापूरचा धंदा ओळखीवर चालत आला. एकानं काम चांगलं केलं की दुसऱ्याला नाव कळायचं. पुण्याहून खरेदीचा माणूस यायचा, वाळू हातात घेऊन बघायचा, कास्टिंग उलटंपालटं करायचा, जेवून जायचा आणि ट्रायल ऑर्डर धाडायचा. काही पसंत नाही पडलं तर तोंडावर सांगायचा, आणि ते ऐकून आपण सुधारायचो. आता व्हेंडर डेव्हलपमेंटला बसलेला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा इंजिनिअर कॉम्प्युटरवर दहा-बारा फौंड्र्यांची यादी काढतो आणि फोन उचलण्याआधीच त्यातली बरीच नावं खोडतो. ज्याचं नाव खोडलं त्याला ते कधीच कळत नाही. गेटवर कुणी आलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही, म्हणून आपलं सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं. तुझ्या बाबांशी मी ह्याच मुद्द्यावर भांडतो. 'आपल्याला काम आहे की' असं ते म्हणतात. काम आहे, पण ते जुन्या ओळखीतलं आहे.

त्या ओळखीची मर्यादा काय असते ते २०१९ च्या वाहन उद्योगातल्या मंदीत दिसलं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या ज्या फौंड्र्यांचा बहुतेक माल एक-दोन वाहन कंपन्यांना जात होता, त्यांच्या भट्ट्या आठवड्यातले काही दिवस थंड राहू लागल्या. ते निस्तरेपर्यंत मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. मंदी येते आणि जाते. पण पुढचा बदल परत फिरणारा नाही. विजेवर चालणाऱ्या गाडीला सिलिंडर ब्लॉक नाही, सिलिंडर हेड नाही, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नाही. इंजिनाच्या भागांवर उभ्या असलेल्या फौंड्रीला आज ना उद्या पंप, व्हॉल्व्ह, मोटरच्या बॉड्या, गिअरबॉक्स, रेल्वे, कृषी यंत्रं अशा दुसऱ्या दारांकडे बघावं लागणार. आणि त्या दारांमागं बसलेल्या माणसांना आपण माहीत नाही. आपली सगळी पत वाहनवाल्यांत. कोइमतूरच्या पंपवाल्याला किंवा जर्मनीतल्या व्हॉल्व्हवाल्याला आपलं नाव सांगणारा कुणी ओळखीचा माणूस नाही. तिथं आपली वेबसाइटच आपल्या वतीनं बोलणार आहे. म्हणून मी तुझ्या मागं लागलोय.

आता वहीतलं पानावर कसं आणायचं ते ऐक. सगळ्यात जास्त मेहनत ग्रेडच्या तक्त्यावर घे. आपण शॉपमध्ये 'एफजी २६०' म्हणतो, 'एसजी ५००/७' म्हणतो. आयएस २१० आणि आयएस १८६५ ही आपली मानकं. पण युरोपातला माणूस शोधताना 'ईएन-जीजेएल-२५०' किंवा 'ईएन-जीजेएस-५००-७' असं टाइप करतो. अमेरिकेतल्याची तर आकड्यांची रीतच निराळी. एएसटीएम ए५३६ मध्ये '६५-४५-१२' लिहिलं की पहिला आकडा तुटण्याची ताकद, दुसरा यील्ड आणि तिसरा इलाँगेशनचा टक्का, आणि ताकद मोजायची ती दर चौरस इंचाला हजार पौंडांत. आपण पानावर नुसतं 'सीआय आणि एसजी कास्टिंग' लिहून ठेवलं तर ह्या दोघांच्याही शोधात आपण येणार नाही, मग आपला धातू कितीही चोख असो. तेव्हा भारतीय, युरोपीय, अमेरिकन असे तीन रकाने कर. एका ओळीतल्या ग्रेड तंतोतंत एक नसतात, म्हणून रकान्यावर 'जवळची ग्रेड' असंच लिही, 'समान' लिहू नकोस. आणि तो तक्ता लॅबच्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय वर चढवू नकोस. तिकडच्या मेटलर्जिस्टला त्यात एक चूक सापडली की पुढचं सगळं पान तो संशयानं वाचतो.

तक्ता अक्षरांत टाइप केलेला हवा. फोटो काढून किंवा स्कॅन करून चिकटवलेला तक्ता माणसाला दिसतो, पण गूगलला त्यातलं फारसं हाती लागत नाही. आता लोक एआयला विचारूनही सप्लायर शोधतात, त्यालाही अक्षरंच सोपी पडतात. जुना कॅटलॉग पीडीएफ म्हणून ठेवायचा तर ठेव, पण त्यातली माहिती पानावरही असू दे. चाळीस पानांची जड फाइल मोबाइलवर उघडेपर्यंत थांबणारी माणसं थोडी.

आपल्याला काय जमत नाही तेही लिही. पाचशे किलोच्या वरचं आपण ओतत नसू, स्टील ओतत नसू, पेंटिंग बाहेरून करून घेत असू, तर तसं स्पष्ट सांग. तुझ्या बाबांना हे पटणार नाही, त्यांना वाटेल की दारात आलेलं गिऱ्हाईक परत जाईल. ते गिऱ्हाईक तसंही परत जाणारच असतं, फक्त तुझे आणि कॉस्टिंगवाल्याचे चार दिवस खाऊन जातं. उलट ज्यानं स्वतःची मर्यादा लिहिलीय त्याच्या बाकीच्या आकड्यांवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

फोटोंबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तिथं फायदाही मोठा आणि धोकाही मोठा. फोटो आपल्याच शॉपचे हवेत, चांगल्या फोटोग्राफरकडून काढलेले. पण कॅमेरा यायच्या आधी तू स्वतः फिरून बघ. ओतकाम चालू असताना लॅडलजवळच्या पोराच्या पायात सेफ्टी शूज आहेत का, डोळ्यांवर गॉगल आहे का, हातमोजे आहेत का. युरोपातला गिऱ्हाईक त्या फोटोत लाल धातूची धार बघत नाही, तो पाय बघतो. स्लिपर दिसली की त्याच्या लेखी आपण बाद, आणि ते योग्यच आहे. फोटोसाठी एक दिवस बूट घालायला लावू नकोस, रोजच घालायला लाव, मग फोटो कधीही काढता येतो.

दुसरं, जॉबवरची अक्षरं. कास्टिंगवर गिऱ्हाइकाचा लोगो आणि पार्ट नंबर उठावात ओतलेला असतो. तो फोटोत वाचता आला तर आपण त्याची गुप्त माहिती बाजारात मांडली असा त्याचा अर्थ होतो, आणि सही केलेल्या गोपनीयतेच्या कराराचा भंगही होतो. जॉब फिरवून ठेव, नाहीतर ती अक्षरं झाक. मागच्या भिंतीवर लटकलेलं ड्रॉइंग, टेबलावरचं रूट कार्ड, फळ्यावर खडूनं लिहिलेली गिऱ्हाइकांची नावं, हे सगळं फ्रेममध्ये येतंय का ते बघ. 'आमचे ग्राहक' म्हणून मोठमोठ्या कंपन्यांचे लोगो लावायची हौस सगळ्यांना असते. लेखी परवानगी असेल तरच लाव. नवा गिऱ्हाईक असा विचार करतो की जो दुसऱ्याचा जॉब असा उघडा टाकतो, तो उद्या माझाही टाकेल. आणि फोटोत जॉबच्या शेजारी एक फुटपट्टी ठेव, म्हणजे आकार कळतो.

प्रमाणपत्रं लावताना तारीख बघ. आयएसओ ९००१ असो की वाहन उद्योगाचं आयएटीएफ १६९४९, मुदत संपलेलं प्रमाणपत्र साइटवर लटकत असणं हे प्रमाणपत्र नसण्यापेक्षा वाईट. नूतनीकरण झालं की नवी प्रत त्याच दिवशी चढव.

मग येतं लिहिणं. डिजिटल मार्केटिंग करून देतो म्हणणारा माणूस तुला सांगेल, आम्ही महिन्याला अमुक इतके लेख टाकू. फौंड्रीत पाऊल न टाकलेल्या माणसानं लिहिलेले तसले लेख वाचून कुठलाही इंजिनिअर आपल्याकडे वळत नाही. तू आपल्याच कामातली एक अडचण घे. पंपाच्या केसिंगमध्ये जाड आणि पातळ भाग जिथं मिळतात तिथं श्रिंकेज येत होतं. रायझरची जागा बदलली, चिल बसवला, सिम्युलेशन पुन्हा चालवलं, कापून तपासलं. गिऱ्हाइकाचं नाव नको, पार्टचं ड्रॉइंग नको. दोष काय, कारण काय, काय बदललं, कसं तपासलं, एवढं साध्या भाषेत एका पानात. दोन-तीन महिन्यांत असं एक पान झालं तरी पुरे. ज्याच्या प्लांटमध्ये तसलंच श्रिंकेज डोकं खातंय तो इंजिनिअर ते शोधत रात्री बसलेला असतो, आणि त्याला आपण सापडतो.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. किर्लोस्करवाडी इथून लांब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन बिघडते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि सुरुवातीचे नांगर खपायला फार काळ गेला. माल चांगला असून भागत नाही, तो समजावून सांगावा लागतो, हे त्या घराण्यानं ओळखलं. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढली. ती कारखान्याचं मुखपत्र म्हणून सुरू झाली आणि पुढं तिचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं, जे महाराष्ट्रातल्या सुशिक्षित घरांत वाचलं जाऊ लागलं. नांगर आणि पंप बनवणाऱ्या कारखान्यानं शंभर वर्षांपूर्वी छापखान्यावर खर्च केला, तेव्हा त्या काळातल्या व्यवहारी लोकांनाही तो वायफळ वाटला असणार. त्यांच्याकडे जे छापील कागदानं झालं ते आपल्याला आज त्याहून कितीतरी स्वस्तात करता येतं.

आता किल्ल्यांची गोष्ट. डोमेन कंपनीच्या नावावर, कंपनीच्या ईमेलवर नोंदव. डिझायनर आपल्या सोयीसाठी ते स्वतःच्या खात्यात घेतो, आणि पुढं तो धंदा सोडतो, गाव सोडतो किंवा भांडण होतं. मग आपल्याच नावाची पाटी आपल्याला मिळत नाही. होस्टिंग, डोमेन, गूगलवरची नोंद, लिंक्डइनचं पान, ह्या सगळ्यांचे पासवर्ड आणि मुदतीच्या तारखा एका जागी ठेव आणि ती जागा तुझ्याशिवाय आणखी एकाला माहीत असू दे. ईमेलही कंपनीच्या डोमेनचाच वापर. फुकटच्या खात्यावरून गेलेलं कोटेशन परदेशात गंभीरपणे घेतलं जात नाही, आणि पुष्कळदा स्पॅममध्ये पडतं. एसपीएफ आणि डीकेआयएम नावाच्या दोन नोंदी डोमेनवर कराव्या लागतात, त्यानं मेल खरोखर आपल्याकडूनच आलाय हे समोरच्या सर्व्हरला कळतं. त्या केल्यात का, हे डिझायनरला नाव घेऊन विचार. आणि आपलाही स्पॅम फोल्डर रोज सकाळी उघडून बघत जा, त्यात चांगल्या चौकश्या पडून राहतात.

निर्यातीत एक फसवणूक फार चालते, ती ध्यानात ठेव. कुणीतरी आपल्या किंवा गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये शिरतो, बिलाचा व्यवहार वाचत बसतो आणि नेमक्या वेळी 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा मेल धाडतो. पैसे भलतीकडे जातात. म्हणून साइटवर आणि प्रत्येक प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर ठळक लिही की आमचं खातं ईमेलवरून कधीही बदललं जात नाही, तसा मेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून विचारा.

गूगल नकाशावरची खूण स्वतः जाऊन बरोबर कर. प्लॉट नंबर एक आणि खूण दुसऱ्या रस्त्यावर असली की बाहेरून आलेला ट्रकवाला रात्री फिरत बसतो. गेटचा फोटो, साप्ताहिक सुट्टीचा वार, माल उतरवायची वेळ, हे तिथं भर. डिप्लोमा झालेलं पोरगं मुलाखतीला यायच्या आधी हेच बघतं, आणि बऱ्याचदा त्याचे आई-वडीलही बघतात. चांगली माणसं मिळत नाहीत अशी ओरड करणाऱ्या कारखानदारांनी आपलं नाव एकदा त्या पोराच्या मोबाइलवर शोधून पाहावं.

चौकशी आली की एका कामाच्या दिवसात उत्तर गेलं पाहिजे. कॉस्टिंगला पाच दिवस लागणार असतील तर 'ड्रॉइंग मिळालं, अमुक तारखेला कोटेशन देतो' एवढं तरी. आणि त्या तारखेला द्यायचंच. चौकशीच्या फॉर्मवर पंधरा रकाने ठेवू नकोस. नाव, कंपनी, ईमेल, वर्षाची गरज आणि ड्रॉइंग जोडायची सोय, पीडीएफ आणि स्टेप दोन्ही चालतील अशी. हे काम कुणा एकाच्या नावावर टाक, तो रजेवर असला तर कोण हेही ठरव. 'सगळे बघतात' म्हणजे कुणीच बघत नाही. मार्केटिंगवर घातलेला पैसा सगळ्यात जास्त इथं बुडतो: चौकशी येते आणि तिला कुणी वालीच नसतो.

जाहिरातीला घाई करू नकोस. आधी पान नीट होऊ दे. पुढं गूगलवर पैसे लावशील तेव्हा नुसतं 'कास्टिंग' ह्या शब्दावर लावू नकोस, सिनेमात काम शोधणारी पोरं क्लिक करत राहतील आणि बिल आपलं वाढेल. 'एसजी आयर्न पंप केसिंग', 'मशिन्ड डक्टाइल आयर्न व्हॉल्व्ह बॉडी' असे नेमके शब्द घे, आणि ऑडिशन, नोकरी, कोर्स हे शब्द वगळायच्या यादीत टाक. इंडियामार्टसारख्या बाजारात तयार माल, म्हणजे व्हॉल्व्ह, पंप, स्पेअर असं विकणाऱ्याचं चांगलं चालतं. आपल्यासारख्या ड्रॉइंगप्रमाणे माल करणाऱ्याला तिथं बहुतेक वेळा दरावरूनच घासाघीस सोसावी लागते, कारण तीच चौकशी आणखी काही जणांकडे गेलेली असते. लिंक्डइन आपल्या कामाचं, पण तिथं दिवाळी आणि गुढीपाडव्याच्या शुभेच्छांचीच रांग लावू नकोस. नवं मशीन बसलं, नवी ग्रेड जमली, प्रदर्शनात अमुक स्टॉलवर आहोत, असं काही सांगायचं असेल तेव्हा लिही, आणि कंपनीच्या पानाबरोबर स्वतःच्या नावानंही लिही. माणसं माणसाचं वाचतात.

तुझ्या मावसभावाचं गणित वेगळं आहे. तो रोटाव्हेटरची पाती करतो, त्याचा गिऱ्हाईक शेतकरी. त्याला इंग्रजी वेबसाइटपेक्षा मराठीतला यूट्यूब व्हिडिओ जास्त कामाला येईल. काळ्या रानात पातं चालताना दाखव म्हणावं, किती एचपीचा ट्रॅक्टर लावलाय ते सांग, एक हंगाम चाललेलं झिजलेलं पातं नव्याशेजारी ठेवून दाखव, आणि पातं कुठल्या गावात कुणाकडे मिळेल ते शेवटी सांग. मागं गाणं लावायची गरज नाही, मातीत पातं कसं लागतंय तो आवाज शेतकऱ्याला ऐकायचा असतो.

फळ कधी येईल असं तुझे बाबा विचारतील. त्यांना आधीच सांगून ठेव की ड्रॉइंगच्या धंद्यात चौकशी, कोटेशन, सॅम्पल, पीपीएपी, पायलट लॉट आणि मग नियमित माल, ह्यात वर्षही जातं. तोवर मोजायचं ते लाइक नव्हे. ऑफिसात एक रजिस्टर ठेव: चौकशी कुठून आली, कुठल्या ग्रेडची, कोटेशन कधी गेलं, पुढं काय झालं, गेली तर कशावरून गेली. फोनवर आलेल्या प्रत्येकाला विचार, आमचं नाव कुठं दिसलं. सहा महिन्यांनी ते रजिस्टर वाचलंस की पैसा कुठं घालायचा आणि कुठला बंद करायचा ते तुला कुठल्याही एजन्सीपेक्षा नीट कळेल.

आणि दर तिमाहीला ती पहिली वही घेऊन पुन्हा शॉपमध्ये फिर. जुनं मशीन विकलं असेल तर त्याचं नाव साइटवरून काढ, नवं आलं असेल तर मापासकट लिही. ऑडिटला येणारा माणूस आपल्या साइटवरची मशीन लिस्ट छापून आणतो आणि शॉप फ्लोअरवर एकेका मशीनपुढं थांबून टिक करत चालतो.